देखरेखीची संहिता : एपीआय-तपासणीच्या एका कमांड लाइन साधनाचे परीक्षण

संगणकांच्या व्यवहारात एक यंत्रणा दुसऱ्या यंत्रणेकडे ज्या ठरीव रीतीने विचारणा करते आणि उत्तर घेते, त्या रीतीला एपीआय असे म्हणतात. फोनवरून पैसे देणे, आगगाडीचे आरक्षण करणे, हवामानाचा अंदाज पाहणे ह्यांसारख्या नित्याच्या गोष्टींमागे अशी अनेक संभाषणे क्षणभरात घडून जातात. ती नीट चालली आहेत की नाहीत हे पाहण्यासाठी दूरच्या एखाद्या यंत्राकडून दर काही मिनिटांनी मुद्दाम एक विचारणा करविली जाते, आलेले उत्तर ठरविलेल्या अपेक्षांशी ताडून पाहिले जाते, आणि मेळ न बसल्यास संबंधितांना इशारा दिला जातो. ह्या कृतीस तपासणी म्हणावे. वरवर पाहता ही बाब सर्वस्वी यांत्रिक आहे. परंतु तिच्या मुळाशी एक लिखित विधान असते : अमुक सेवेने अमुक प्रश्नास अमुक वेळात अमुक प्रकारचे उत्तर द्यावे. हे विधान कोणी केले, कोठे लिहून ठेवले, ते कोणाला वाचता येते व कोणाला बदलता येते, हे प्रश्न यांत्रिक नाहीत. प्रस्तुत परीक्षणाचा रोख त्या प्रश्नांवर असून, त्यांच्या विवेचनासाठी चेकली ह्या देखरेख-सेवेचे कमांड लाइन साधन उदाहरणादाखल घेतले आहे.

अशा सेवांत तपासणी लिहिण्याची रूढ रीत म्हणजे ब्राउझरमधील फॉर्म भरणे ही होय. पत्ता, वारंवारिता, अपेक्षित उत्तर असे रकाने भरावयाचे आणि जतन करावयाचे. २०२३ साली सर्वांसाठी खुल्या झालेल्या चेकलीच्या कमांड लाइन साधनाने ही रीत पालटली. येथे तपासणी टाइपस्क्रिप्ट भाषेत एका फाइलीत लिहितात, टर्मिनलवर आज्ञा देऊन ती चालवून पाहतात, आणि मग दुसऱ्या आज्ञेने ती सेवेकडे कायमची रवाना करतात. साधन यंत्रावर बसविणे, खात्यात प्रवेश करणे ह्या प्राथमिक गोष्टी सोप्या आहेत व त्यांविषयी विशेष लिहिण्याचे कारण नाही. ह्या पद्धतीच्या समर्थनार्थ बहुधा वेगाचा दाखला दिला जातो : शंभर तपासण्यांची वारंवारिता बदलावयाची झाल्यास शंभर फॉर्म उघडावे लागत नाहीत, एका ठिकाणी एक आकडा बदलला की काम भागते. हे खरे असले तरी दुय्यम आहे. कारण ज्या वाटेने दुरुस्ती शंभर ठिकाणी पोहोचते त्याच वाटेने चूकही पोहोचते.

ह्या साधनाचे खरे मोल दुसरीकडे शोधावे लागते. फॉर्मातील मजकुराला वाचक नसतो. तो भरणारा असतो आणि तो पाळणारे यंत्र असते. मध्ये कोणी नसते. फाइलीत उतरलेली तपासणी मात्र संहिता बनते. ती गिटसारख्या आवृत्ति-नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेत ठेवता येते, आणि लिनस टॉरवाल्ड्स ह्यांनी २००५ साली निर्माण केलेल्या त्या व्यवस्थेचा गुणच असा की प्रत्येक ओळ कोणी, केव्हा व कोणत्या कारणाने लिहिली ह्याची नोंद तेथे राहते. जुन्या पोथ्यांच्या अभ्यासकास पाठभेदाचे जे महत्त्व वाटते, तेच येथे वाटले पाहिजे. समजा, एखाद्या सेवेने दोन सेकंदांत उत्तर द्यावे अशी अपेक्षा लिहिलेली होती आणि पुढे केव्हातरी दोनाचे पाच झाले. फॉर्मच्या रीतीत हा बदल सहसा कोणाच्या नजरेस पडत नाही. आज पाच आहे एवढेच दिसते. संहितेत मात्र दोन्ही पाठ शेजारी शेजारी उभे राहतात आणि बदल करणाऱ्यास कारण लिहावे लागते, निदान न लिहिल्याचे दिसून येते. रात्री-अपरात्री वाजणारा इशारा थांबविण्याचे मार्ग दोनच आहेत : सेवा सुधारणे किंवा अपेक्षा उतरविणे. पहिल्यास आठवडे लागतात, दुसऱ्यास एक आकडा पुरतो. दुसरा मार्ग सदैव गैर असतो असे नाही. मूळची अपेक्षाच अवास्तव असू शकते. परंतु तो चोरवाट न राहता हमरस्ता व्हावा, एवढे तरी संहिता साधून देते.

येथवरचा गुण माध्यमाचा झाला. आशयाचे काय, हा पुढचा प्रश्न. आणि तो साधनाहून जुना आहे. स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग ह्यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेले कर्ल हे छोटे साधन कमांड लाइनवरून वेबवरील कोणत्याही पत्त्याला विचारणा करते, आणि एपीआय तपासण्याचा आजही सर्वांत सुलभ मार्ग तोच आहे. कर्लचे एक वैशिष्ट्य नवशिक्यास चकित करते. सर्व्हरने ५०० हा आकडा, म्हणजे 'आमच्याकडेच बिघाड आहे' अशी कबुली, उत्तरादाखल पाठविली तरी कर्ल स्वतःचे काम यशस्वी झाल्याची शून्य ही खूण करून बाहेर पडते. कर्लच्या दृष्टीने विचारणा पोहोचली, उत्तर आले, व्यवहार पुरा झाला. उत्तरात काय होते हा तिचा प्रांत नव्हे. 'फेल' हा पर्याय जोडला तरच ती अशा उत्तरास अपयश मानते व २२ ही खूण करते. ह्यात कर्लचा दोष नाही. यश म्हणजे काय हे साधनाला ठाऊक नसते, ते लिहिणाऱ्याने सांगावयाचे असते, ही गोष्ट कर्ल लपवून ठेवीत नाही इतकेच.

चेकलीच्या संहितेत हे सांगण्याची सोय अधिक भरघोस आहे. प्रत्येक तपासणीस एक ओळख, एक नाव, एक विचारणा आणि विचारणेखाली विधानांची मालिका असते. उत्तराचा स्थिती-अंक २०० असावा, उत्तराच्या मजकुरातील अमुक घटक रिकामा नसावा, शीर्षांतील अमुक मूल्य अमुक असावे, अशी विधाने एकाखाली एक रचता येतात. शिवाय वेळेच्या दोन मर्यादा घालता येतात. पहिली ओलांडली की सेवा मंदावली असे समजावयाचे, दुसरी ओलांडली की कोसळली असे. भाषेच्या दृष्टीने ही विधाने वाचनीय आहेत. प्रोग्रॅमिंगचा फारसा परिचय नसलेला मनुष्यही ती वाचून काय अपेक्षिले आहे ते सांगू शकेल, आणि ही थोडीथोडकी गोष्ट नव्हे.

पण वाचनीय विधान अर्थपूर्ण असतेच असे नाही. नवशिक्याची पहिली तपासणी, आणि पुष्कळदा अखेरचीही, 'स्थिती-अंक २०० असावा' ह्या एका विधानावर थांबते. २०० चा अर्थ सर्व्हरने विचारणा मान्य केली एवढाच. फेसबुकने २०१५ साली खुल्या केलेल्या ग्राफक्यूएल ह्या पद्धतीत तर रूढ प्रघात असा आहे की, आतील क्रिया फसली तरी बाहेरचा अंक २०० च राहतो व चुकीची हकीकत उत्तराच्या मजकुरात 'एरर्स' ह्या नावाखाली येते. अशा सेवेवर केवळ अंकाची तपासणी लावणे म्हणजे पाकिटावरील शिक्का पाहून पत्रातील वार्ता शुभ असल्याचा निर्वाळा देणे होय. तोच प्रकार मधल्या साठवणुकीचा. पुष्कळ सेवांपुढे अलीकडे जी वितरण-जाळी उभी असतात, ती मूळ सर्व्हर बंद असतानाही काही काळ जुने उत्तर २०० सह देत राहतात. तपासणी उत्तीर्ण होते. उत्तर कालचे असते. उत्तरात कालदर्शक घटक असल्यास तो ताजा आहे ना हे पाहणारे एक विधान लिहिले की ही फसगत टळते, परंतु ते सुचण्यासाठी सेवेच्या अंतरंगाची ओळख असावी लागते. चेकलीच्या साधनाची येथे उणीव दाखवावयाची तर ती अशी : पोकळ विधान आणि भरीव विधान लिहावयास सारखेच सोपे आहे, आणि दोहोंच्या निकालाचा हिरवा रंगही सारखाच आहे.

आता साधनाच्या मुख्य दोन आज्ञांकडे वळावे. 'चेकली टेस्ट' ही आज्ञा संपादकाच्या यंत्रावरील फाइली घेऊन त्यांतील तपासण्या चेकलीच्याच दूरस्थ यंत्रांवर चालविते आणि निकाल टर्मिनलवर आणून देते. इशारे कोणालाही जात नाहीत, कायमचे काही बदलत नाही. एखादी तपासणी अनुत्तीर्ण झाल्यास आज्ञा शून्येतर खुणेने संपते, त्यामुळे नव्या आवृत्तीच्या स्वयंचलित पडताळणीत हीच आज्ञा द्वारपालाचे काम करू शकते. ही रंगीत तालीम साधनातील सर्वांत उत्तम कल्पना म्हणावी लागेल. घरच्या यंत्रावर चालणारी तपासणी घरच्या जाळ्यातील सोयीसवलतींचा लाभ घेते. येथे तालीमही प्रयोगाच्याच रंगमंचावर होते. मात्र तालमीचे बंधन नाही. 'चेकली डिप्लॉय' ही दुसरी आज्ञा तालीम न करताही देता येते, आणि घाईच्या वेळी ती तशीच दिली जाईल हे उघड आहे.

डिप्लॉय ह्या आज्ञेचे स्वरूप बारकाईने पाहावयास हवे, कारण ह्या साधनातील खरा धोका तेथे आहे. ही आज्ञा 'हे जोडा', 'ते बदला' असे सांगत नाही. ती म्हणते : फाइलींत जे लिहिले आहे तेच सत्य, सेवेकडील स्थिती त्यास जुळती करा. घोषणात्मक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ह्या विचारसरणीचा टेराफॉर्मसारख्या साधनांनी २०१४ नंतर मोठा प्रसार केला आणि तिचे फायदे निर्विवाद आहेत. परंतु तिचा एक परिणाम असा की, संहितेत नसणे हीसुद्धा एक आज्ञा ठरते. प्रकल्पातील एखाद्या तपासणीची फाइल काढून टाकली, तर पुढच्या डिप्लॉयबरोबर ती तपासणी सेवेकडूनही पुसली जाते. फाइल मुद्दाम काढली की अनवधानाने, हे आज्ञेला कळत नाही. कोणत्या फाइली तपासण्यांच्या मानावयाच्या हे नावांच्या एका नमुन्याने ठरविलेले असते. फाइलीचे नाव बदलताना तो नमुना चुकला की फाइल जागेवर असूनही प्रकल्पातून नाहीशी होते. त्याहून सूक्ष्म प्रकार तार्किक ओळखीचा आहे. प्रत्येक तपासणीस लेखकाने दिलेली एक तार्किक ओळख असते आणि तिच्याच आधारे साधन जुन्या व नव्या पाठाची सांगड घालते. कोणी नीटनेटकेपणाच्या भरात ती ओळख बदलली, तर साधनाच्या लेखी जुनी तपासणी मेली व नवी जन्मास आली. विधाने अक्षरशः तीच राहिली तरी जुन्या निकालांचा इतिहास नव्या तपासणीच्या वाट्यास येत नाही. फॉर्ममध्ये हाताने निर्माण केलेल्या, प्रकल्पाबाहेरच्या तपासण्यांना मात्र डिप्लॉयचा स्पर्श होत नाही, एवढी मर्यादा साधनाने पाळली आहे.

बिघडलेली सेवा आणि पुसलेली तपासणी ह्यांतील भेद येथे ध्यानात घ्यावा. सेवा बिघडली की इशारा येतो. तपासणी पुसली गेली की काहीच येत नाही. पुसलेली तपासणी कधी अनुत्तीर्ण होत नाही, आणि फलकावर शांतता व आरोग्य ह्यांचा रंग एकच असतो. ह्यावर साधनाने दोन उपाय ठेवले आहेत. डिप्लॉयपूर्वी पुष्टी विचारली जाते, आणि 'प्रिव्ह्यू' हा पर्याय वापरला तर काय नवे होणार, काय बदलणार व काय पुसले जाणार ह्याची यादी प्रत्यक्ष बदल न करता मिळते. पण 'फोर्स' हा पर्याय जोडला की पुष्टीचा प्रश्न गळतो, आणि स्वयंचलित व्यवस्थेत, जेथे प्रश्नास उत्तर द्यावयास मनुष्यच नसतो, तोच पर्याय वापरला जातो. म्हणजे जेथे सर्वांत अधिक वेळा डिप्लॉय होतो तेथेच विचारणारा कोणी नसतो. प्रिव्ह्यूची यादी बदलाच्या प्रस्तावासोबत समीक्षकापुढे ठेवावी आणि पुसण्याच्या नोंदी असल्यास त्या निराळ्या वाचाव्यात, असा शिरस्ता पाडता येतो. साधन तो पाडून देत नाही.

आज्ञेची व्याप्ती तिच्या शब्दांवरून ध्यानात येत नाही, ह्याचे प्रसिद्ध उदाहरण २८ फेब्रुवारी २०१७ चे आहे. ॲमेझॉनच्या एस-३ ह्या साठवण-सेवेतील एका अधिकृत कर्मचाऱ्याने, उत्तर व्हर्जिनियातील केंद्रात, ठरलेल्या कार्यपद्धतीनुसार काही थोडे सर्व्हर बाजूस काढण्याची आज्ञा दिली. आज्ञेतील एक मूल्य चुकले आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक सर्व्हर निघाले. सेवा कित्येक तास विस्कळित झाली. कंपनीच्या निवेदनातील दोन गोष्टी ह्या विवेचनाच्या दृष्टीने मोलाच्या आहेत. पहिली, उपाय म्हणून मनुष्यास शिस्त लावण्यावर न थांबता साधन बदलण्यात आले : सर्व्हर सावकाश काढले जावेत आणि किमान मर्यादेखाली ते काढताच येऊ नयेत, अशी तजवीज साधनातच झाली. चेकलीच्या डिप्लॉयमध्येही 'एका वेळी अमुक संख्येहून अधिक तपासण्या पुसू नयेत' असा अटकाव असता तर तो उपकारक ठरला असता. दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. ॲमेझॉनच्या सेवांचे आरोग्य दाखविणारा फलक सुमारे दोन तास अद्ययावत करता आला नाही, कारण त्या फलकाचे कामकाजच एस-३ वर अवलंबून होते. राखणदार ज्या भिंतीवर बसला होता तीच कोसळली.

ह्यावरून तपासणी कोठून केली जाते हा प्रश्न पुढे येतो, आणि संहितेत तोही एका ओळीचा विषय आहे : स्थळांची यादी. चेकलीच्या स्थळांत फ्रँकफुर्ट आहे, उत्तर व्हर्जिनिया आहे, मुंबईही आहे. ही सार्वजनिक स्थळे ॲमेझॉनच्या प्रदेशांच्या नावांनी ओळखली जातात. सेवा ज्या प्रदेशात वसली असेल तेथूनच तिची तपासणी केल्यास २०१७ चा धडा वाया गेला असे म्हणावे लागेल. स्थळ बदलले की वेळेच्या मर्यादेचा अर्थही बदलतो. प्रकाशतंतूतून संदेश सेकंदास सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने जातो. मुंबई ते फ्रँकफुर्ट हे सरळ अंतर सुमारे साडेसहा हजार किलोमीटर. म्हणजे जाऊन येण्यास किमान ६५ मिलिसेकंद. सुरक्षित जोडणी नव्याने उभारावयाची तर पहिली फेरी ओळखीची, दुसरी गुप्ततेच्या वाटाघाटीची आणि तिसरी प्रत्यक्ष विचारणेची. सर्व्हरने पळभरही विचार केला नाही आणि तार नकाशावरील रेघेसारखी सरळ असली तरी दोनशे मिलिसेकंद संपतात. तेव्हा फ्रँकफुर्टच्या सेवेसाठी तेथेच बसून लिहिलेली दीडशे मिलिसेकंदांची अपेक्षा मुंबईहून कधीही पुरी होणार नाही. मर्यादेचा आकडा आणि स्थळांची यादी संहितेत वेगवेगळ्या ओळींवर असल्या तरी त्यांचे वाचन एकत्रच केले पाहिजे.

कधी कधी दोष सेवेचाही नसतो आणि अपेक्षेचाही नसतो. तपासणाऱ्या यंत्राची वाटच तुटलेली असते. जुन्या नॅजिऑसमध्ये ह्यासाठी एक प्रामाणिक शब्द होता. इथन गॅलस्टॅड ह्यांच्या ह्या साधनात (१९९९ मध्ये नेटसेंट ह्या नावाने आरंभ, २००२ पासून नॅजिऑस) तपासणीचे निकाल चार : शून्य म्हणजे ठीक, एक म्हणजे सावध, दोन म्हणजे गंभीर आणि तीन म्हणजे अज्ञात. तपासणाऱ्यास 'सांगता येत नाही' असे म्हणण्याची मुभा त्या चौथ्या निकालाने दिली होती. चेकलीच्या संहितेत ह्या संशयाचा परिहार पुनःप्रयत्नाने केला जातो. किती वेळा, किती अंतराने, त्याच स्थळाहून की दुसऱ्या, हे लिहिता येते. व्यवहारात हा मार्ग सोयीचा आहे. परंतु दर वेळी पहिल्या प्रयत्नास फसणारी व दुसऱ्यास सावरणारी सेवा अशा रचनेत इशाऱ्याविना सुटते, आणि तिच्या ग्राहकांस दुसरा प्रयत्न करण्याची बुद्धी असेलच असे नाही. पुनःप्रयत्नांची संख्या वाढविणारा बदल हा, मर्यादेचा आकडा वाढविण्यासारखाच, अपेक्षा उतरविण्याचा एक प्रकार आहे आणि समीक्षकाने तो तसाच वाचावा.

एक आक्षेप उरतो आणि तो साधनाच्या मूळ कल्पनेवरच येतो. सेवेची संहिता आणि तिच्या तपासणीची संहिता एकाच भांडारात, एकाच हाताखाली असाव्यात, ह्याचे कौतुक पुष्कळ होते. परंतु सेवेच्या लेखकाने उत्तरातील एका घटकाचे नाव बदलले आणि त्याच प्रस्तावात तपासणीतील नावही बदलले, तर तालीम उत्तीर्ण, डिप्लॉय निर्वेध आणि फलक हिरवा. तिकडे जुन्या नावावर विसंबलेल्या प्रत्येक ग्राहकाचे काम मात्र ठप्प. तपासणीने लेखकाशी एकमत केले, ग्राहकाशी नव्हे. फॉर्मच्या रीतीत, तपासणी वेगळ्या माणसाकडे आणि वेगळ्या ठिकाणी असल्यामुळे, हा बदल निदान अनुत्तीर्ण होऊन गाजला असता. सोय म्हणून जे अंतर मिटविले त्याच अंतरात साक्षीदाराचे स्वातंत्र्य होते.

ह्या दोषाचे निवारण साधनाबाहेर करावे लागते. गिटहबवर २०१७ पासून कोडओनर्स ह्या नावाची एक फाइल ठेवता येते. भांडारातील कोणत्या भागातील बदलास कोणाची संमती हवी हे तीत लिहितात व ती संमती सक्तीची करता येते. तपासण्यांच्या फोल्डरापुढे सेवा लिहिणाऱ्यांऐवजी ती वापरणाऱ्या गटाचे नाव घातले, तर एकाच भांडारात राहूनही साक्षीदार वेगळा राहतो. मात्र ही सक्ती भांडारापुरतीच. खात्याची एपीआय-किल्ली ज्याच्या यंत्रावर असेल तो कोणाच्याही संमतीवाचून टर्मिनलवरून डिप्लॉय करू शकतो, आणि मग सेवेकडील स्थिती भांडारातील संहितेहून निराळी होते. पुढचा नियमित डिप्लॉय ती पुन्हा जुळवून घेईल. तोपर्यंत कोणता पाठ चालू होता हे गिटच्या नोंदीवरून सांगता येणार नाही. ह्यास्तव डिप्लॉय करू शकणारी किल्ली केवळ स्वयंचलित व्यवस्थेपाशी असावी आणि संपादकांनी आपल्या यंत्रांवर टेस्ट व प्रिव्ह्यू ह्यांपुढे जाऊ नये, अशी वाटणी करणे इष्ट होय.